प्रोपिलीनच्या मनोऱ्याला ‘थ्री-वे’ हवा

रायगड जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील उसर येथे ‘गेल’ ही सरकारी कंपनी एक मोठा कारखाना उभारते आहे. प्रोपेन वायूपासून प्रोपिलीन आणि प्रोपिलीनपासून पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक, वर्षाला पाच लाख टन. प्रोपेनमधून हायड्रोजन काढून घेऊन प्रोपिलीन बनवणारा देशातला हा पहिलाच कारखाना. त्याला लागणारे प्रोपेन भारत पेट्रोलियमच्या उरणच्या साठवण केंद्रातून पंधरा वर्षे पुरवण्याचा करार २०२३ मध्ये झाला. अशा बातम्या अर्थविषयक पानावर येतात आणि विसरल्या जातात. धाराशिवच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरने त्यावर लिहावे असे त्यात काय आहे, हा प्रश्न रास्त आहे.

उत्तर वॉर्डातल्या लाल पिशवीत आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमानुसार सुई काढलेल्या सिरिंजा या पिशवीत जातात. सिरिंजची नळी पॉलिप्रोपिलीनची. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी नाकातोंडावर बांधलेल्या मास्कमधला गाळणारा थर पॉलिप्रोपिलीनच्या अतिसूक्ष्म धाग्यांचा. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीला आधार म्हणून बसवतात ती जाळी बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनची, आणि शल्यचिकित्सक ज्या निळ्या धाग्याने रक्तवाहिनी शिवतात तोही त्याचाच. मी इंटर्न होतो तेव्हा काचेच्या सिरिंजा आणि जाड सुया पाण्यात उकळून पुन्हा पुन्हा वापरल्या जात. त्या उकळण्यावर देखरेख करणाऱ्या सिस्टर कितीही दक्ष असल्या, तरी एका रुग्णाची कावीळ दुसऱ्याला जाण्याची भीती कायम असे. एकदा वापरून फेकायच्या सिरिंजने ती भीती पुष्कळ कमी केली. प्लास्टिक वाईट, ते बंद करा, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे म्हणून जमत नाही. बाजारातली पिशवी बंद करता येईल, सिरिंज नाही. मग ही सिरिंज बनवताना ऊर्जा किती जाते आणि ती कुठे जाते, हे पाहणे उरते.

ती सर्वांत जास्त कुठे जाते, असे विचारले तर बहुतेक लोक प्लास्टिक वितळवण्याच्या भट्टीकडे बोट दाखवतील. खरे तर ऊर्जा खाणाऱ्या मोठ्या टप्प्यांपैकी एक त्याच्या खूप आधी येतो, आणि तो आहे दोन वायू एकमेकांपासून वेगळे करण्याचा. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे तीन अणू आणि हायड्रोजनचे आठ. त्यांतले दोन हायड्रोजन काढले की प्रोपिलीन. पण ही क्रिया एका फेरीत पूर्ण होत नाही. भट्टीतून बाहेर येते ते दोघांचे मिश्रण, आणि त्यात न बदललेल्या प्रोपेनचा वाटा मोठा असतो. ते प्रोपेन परत भट्टीत पाठवायचे, आणि प्लास्टिक बनवायला प्रोपिलीन मात्र साडेनव्याण्णव टक्क्यांहून शुद्ध हवे. म्हणजे दोघांना वेगळे केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

हे दोघे इतके सारखे आहेत की वेगळे करताना पकडायला जागाच सापडत नाही. खळ्यावर वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून ज्वारी उफणली की भूस उडून जाते आणि दाणे पायाशी पडतात, कारण दोघांच्या वजनात फरक आहे. इथे एकाचे रेणुभार ४४, दुसऱ्याचे ४२. आकारात फरक मीटरच्या अब्जाव्या भागाच्याही काही शतांशांएवढा. उकळण्याचे तापमान घ्या: साध्या दाबाला प्रोपिलीन उणे ४७.६ अंशांना उकळते आणि प्रोपेन उणे ४२.१ अंशांना. साडेपाच अंशांचा फरक. गेली कित्येक दशके सारा उद्योग या साडेपाच अंशांवर उभा आहे.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलऱ्या आहेत, तेव्हा ऊर्ध्वपातनाचा मनोरा वाचकांना अगदीच अनोळखी नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना. बावीस अंशांची मोकळीक मिळते, म्हणून तिथे बेताच्या उंचीचा मनोरा पुरतो. प्रोपिलीनच्या मनोऱ्यात एकावर एक दीडशे-दोनशे ट्रे बसवावे लागतात आणि त्याची उंची शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकते. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे. प्रत्येक ट्रेवर थोडा द्रव उकळतो, थोडी वाफ निवते, आणि दर पायरीला प्रोपिलीन वरच्या बाजूला किंचित जास्त सरकते. मनोऱ्याच्या माथ्यावर निवलेल्या द्रवातला फार थोडा भाग माल म्हणून बाहेर काढतात. बाकीचा परत खाली सोडावा लागतो, नाहीतर शुद्धता टिकत नाही. एक टन माल मिळवायला दहा-पंधरा टन, कधी त्याहून जास्त, पुन्हा पुन्हा उकळायचे आणि निववायचे. इथिलीन आणि इथेन यांची जोडी तर आणखी खर्चिक, कारण त्यांना द्रव ठेवायलाच कडाक्याची थंडी तयार करावी लागते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील डेव्हिड शोल आणि रायन लाइव्हली यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख लिहिला होता. जग बदलू शकतील अशी सात रासायनिक विलगीकरणे त्यांनी त्यात मांडली, आणि इथिलीन-प्रोपिलीनसारखे वायू त्यांच्या जुळ्या भावंडांपासून वेगळे करणे हे त्यांतले एक. या दोन वायूंचे जगातले वार्षिक उत्पादन तेव्हा २० कोटी टनांहून अधिक होते, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे सुमारे ३० किलो. आणि ते शुद्ध करण्यासाठी जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी ०.३ टक्के ऊर्जा लागते, असा त्यांचा हिशेब. पूर्णांकातही न बसणारा हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण तो सिंगापूरसारख्या देशाच्या वर्षभराच्या ऊर्जेएवढा भरतो, असेही त्याच लेखात म्हटले आहे. रसायन उद्योगातली एकच पायरी आणि तिला एका देशाची ऊर्जा.

मनोऱ्याला पर्याय म्हणजे चाळणी किंवा पटल. पटल म्हणजे घरच्या आरओमध्ये असते ते मेम्ब्रेन. उकळायचे नाही, निववायचे नाही. मिश्रण एका बाजूने दाबाखाली आणायचे आणि हवा तो वायू पटलातून पलीकडे जाऊ द्यायचा. सांगायला सोपे आहे. ते का अवघड आहे आणि तरी का करायला हवे, हे समजायला मला रुग्णालयातला ऑक्सिजन सर्वांत सोयीचा वाटतो, कारण एकच वायू वेगळा करण्याच्या तिन्ही तऱ्हा आमच्याकडे शेजारी शेजारी वापरात येऊन गेल्या.

मोठ्या टाकीतला द्रवरूप ऑक्सिजन मनोऱ्यातून आलेला असतो. हवा थंड करून तिचा द्रव करतात आणि ऊर्ध्वपातनाने नायट्रोजन वेगळा काढतात. एक उणे १८३ अंशांना उकळतो, दुसरा उणे १९६ अंशांना. शुद्धता साडेनव्याण्णव टक्क्यांच्या आसपास, पण टँकरची वाट पाहावी लागते. दुसरी तऱ्हा झिओलाइटच्या चाळणीची. हे खनिज दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजनला पुढे जाऊ देते. दाब काढला की नायट्रोजन सोडून पुन्हा ताजेतवाने होते. करोनाच्या काळात पीएम केअर्समधून देशभरातल्या रुग्णालयांत बाराशेहून अधिक असे प्रकल्प मंजूर झाले. त्यांच्यातून साधारण ९३ टक्के ऑक्सिजन मिळतो. तिसरी तऱ्हा पटलाची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या जेनरिच मेम्ब्रेन्स या कंपनीने २०२० मध्ये पोकळ धाग्यांच्या पटलांतून हवा ढकलून सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन देणारे यंत्र तयार केले. पस्तीस टक्के ऐकून नाक मुरडणारे डॉक्टर मला भेटले आहेत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ते पुरणार नाही, हे खरेच. पण घरी किंवा आरोग्य केंद्रात थोडाच आधार हवा असलेल्या रुग्णाला तो पुष्कळ आहे, आणि ना टँकर ना सिलिंडर.

तीन तऱ्हा, तीन शुद्धता, तीन वेगळे खर्च. त्यांतली श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. रुग्ण कोणता आणि कुठे आहे, त्यावर ते ठरते.

झिओलाइटच्या चाळणीची एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि ती पुरेशी सांगितली गेली नाही असे मला वाटते. ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल कितीही वेळा उकळले तरी साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या थोडे पुढे जात नाही. तिथे पाणी आणि अल्कोहोल जणू हातात हात घालून एकत्रच उकळू लागतात. पेट्रोलमध्ये मिसळायला तर कोरडे इथेनॉल हवे. म्हणून मनोऱ्यानंतर झिओलाइटची चाळणी लावतात. तिच्या छिद्रांत पाण्याचा छोटा रेणू शिरतो आणि अडकतो, अल्कोहोलचा मोठा रेणू शिरत नाही. आधी मनोरा, शेवटच्या टप्प्यावर चाळणी, अशी ही जोडी आपल्या भागातल्या इथेनॉल प्रकल्पांत रोज चालते.

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली, ऑक्सिजनसाठी फोनवर फोन सुरू झाले. साखर कारखान्यांनी ऑक्सिजन तयार करावा, असे आवाहन वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने केले. तेव्हा कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातल्या यंत्रणेत बदल करून ती ऑक्सिजनकडे वळवली. असे करणारा तो पहिला साखर कारखाना. अल्कोहोलमधले पाणी धरण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेत आता हवेतला नायट्रोजन धरायचा होता. तत्त्व तेच, फक्त चाळणीत अडकायचा रेणू बदलला. त्या दिवसांत आमच्यासारख्यांनी कोणता सिलिंडर कुठून आला हे विचारले नाही, तेवढी उसंतच नव्हती. आता शांतपणे पाहिले तर मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट झिओलाइट वाटत नाही. चालू प्रकल्पाला हात लावायला कोणीतरी ‘हो’ म्हणाले, ती वाटते. कारखान्यात ‘हो’ म्हणणे किती कठीण असते हे त्या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

पटलांकडे वळतो. या विद्येचा आद्यपुरुष एकच माणूस आहे आणि तो डॉक्टरांचाही आहे आणि रसायनतज्ज्ञांचाही. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञाचे नाव अकरावी-बारावीला वायूंच्या विसरणाच्या नियमामुळे कानावरून गेलेले असते. ‘डायलिसिस’ हा शब्द त्याचा, १८६१ सालचा. चर्मपत्रासारख्या कागदातून छोटे रेणू पलीकडे जातात आणि मोठे मागे राहतात, हे त्याने दाखवले. लघवीतला युरिया असा पलीकडे काढूनही दाखवला. आणि याच माणसाने १८६६ मध्ये रबराच्या पातळ पापुद्र्यातून हवा ओढून घेतली तेव्हा पलीकडे ४१ टक्के ऑक्सिजन असलेली हवा मिळाली. रबराला भोके नसतात. वायू त्यात विरघळतो, आतून सरकत पलीकडे जातो आणि बाहेर पडतो. ज्याला विरघळणे आणि सरकणे जास्त जमते तो पुढे. हे ग्रॅहॅमने ओळखले होते. त्याच्याच प्रसिद्ध नियमाप्रमाणे बारीक भोकातून प्रोपेनचे शंभर रेणू जातील तेवढ्या वेळात प्रोपिलीनचे जेमतेम १०२ जातील. त्यातून काही साधणार नाही. नुसती भोके कामाची नाहीत, विरघळण्यातला किंवा छिद्राच्या नेमक्या मापातला फरक वापरायला हवा, हे तिथेच ठरले.

ग्रॅहॅमच्या डायलिसिसला रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. हॉलंडमधल्या विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवले. पहिले बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि पुढे जगली. आज डायलिसिस कक्षात रुग्णाच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या नळकांड्यात केसासारखे सुमारे दहा हजार पोकळ धागे असतात आणि त्यांच्या भिंती मिळून दीड-दोन चौरस मीटरचे पटल होते. त्या सेलोफेनपासून इथपर्यंतचा प्रवास नुसत्या प्रयोगशाळेत झालेला नाही. तो रुग्णालयांत झाला. रक्त गोठले, पटले फाटली, रुग्णांना थंडी वाजून आली, ते सगळे नोंदले गेले आणि पुढचे पटल थोडे बरे झाले.

प्रोपिलीनच्या पटलांना नेमके हेच मिळालेले नाही. प्रयोगशाळेत कमतरता नाही. जस्ताचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांच्या सांगाड्यातून तयार होणारा ‘झिफ-८’ नावाचा एक सच्छिद्र पदार्थ आहे. त्याच्या पिंजऱ्याचे दार नेमके अशा मापाचे आहे की प्रोपिलीन झरझर आत शिरते आणि प्रोपेन दारातच रेंगाळते. आकारातल्या त्या काही शतांशांच्या फरकाचा वेगात शंभरपटीहून अधिक फरक होतो. ज्या घराण्यातला हा पदार्थ आहे, त्या धातू-सेंद्रिय सांगाड्यांसाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले. दुसरा मार्ग चांदीचा. चांदीचा आयन प्रोपिलीनच्या दुहेरी बंधाला अलगद धरतो आणि पलीकडे नेऊन सोडतो. प्रोपेनला तो बंधच नाही, त्यामुळे त्याला ही हमाली मिळत नाही. हेमोग्लोबिन फुफ्फुसात ऑक्सिजन धरते आणि पेशींपाशी सोडते, तसलाच हा प्रकार.

मग अडते कुठे? हेमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड विष आहे, तसे चांदीला गंधकाची संयुगे आणि ॲसिटिलीन विष आहे. कारखान्याच्या वायूत ती लेशमात्र असतात, प्रयोगशाळेतल्या सिलिंडरमध्ये नसतात. प्लास्टिकची पटले दाबाखालच्या प्रोपिलीनने फुगतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगले की कडी बसत नाही, तशी त्यांची निवड ढिली पडते. ‘झिफ-८’चे नाण्याएवढे पटल उत्तम बनते, पण हजारो चौरस मीटर विनाभेग बनवणे अजून कोणाच्या सहज आवाक्यात नाही. आणि पटलातून पलीकडे गेलेला वायू दाब हरवून बसतो. त्याला पुन्हा दाबायला कॉम्प्रेसर लागतो, म्हणजे वीज लागते. पटलाला ऊर्जाच लागत नाही असे कोणी सांगितले तर तो माणूस काहीतरी विकायला आला आहे असे समजावे.

मनोराही काही गप्प बसलेला नाही. माथ्यावरची वाफ दाबून गरम करायची आणि तिच्याच उष्णतेवर तळातला द्रव उकळायचा, ही युक्ती अनेक प्रोपिलीन मनोऱ्यांवर वापरतात आणि तिने इंधन पुष्कळ वाचते. पटलाची तुलना या सुधारलेल्या मनोऱ्याशी व्हायला हवी. जुन्या, गळक्या मनोऱ्याशी तुलना करून पटलाला विजयी घोषित करणारे शोधनिबंध मी औषधांच्या बाबतीतही बघत आलो आहे. तिथे नव्या गोळीला जुन्या, कमी डोसच्या गोळीपुढे उभे करतात.

म्हणून मला मनोरा पाडून पटल लावा असे म्हणायचे नाही. पटल ठोक काम स्वस्तात करते आणि शेवटची शुद्धता गाठताना दमते. मनोरा शेवटची शुद्धता गाठतो आणि ठोक कामात इंधन जाळतो. दोघांची जोडी लावली तर मनोऱ्यावरचा भार कमी होतो, उकळ-निवळच्या फेऱ्या कमी होतात. इथेनॉल प्रकल्पात मनोरा आणि चाळणी अशी जोडी लागली ती नाइलाजाने, कारण नुसता मनोरा पुढे जाऊच शकत नव्हता. प्रोपिलीनच्या बाबतीत मनोरा अडत नाही, फक्त महाग पडतो. नाइलाज नसला की बदलाची घाई कोणालाच नसते.

उसरचा प्रश्न इथे येतो. असे कारखाने एकदा उभे राहिले की एक पिढी चालतात. नागोठण्याचा गॅस क्रॅकर नव्वदच्या दशकाच्या तोंडाशी सुरू झाला, आजही चालू आहे. उसरचा मनोराही २०५० नंतर उकळत असेल असे धरून चालायला हरकत नाही. तेव्हा तिथे उद्या जोडता येईल अशी सोय आज ठेवली आहे का, हे विचारण्याची वेळ आता आहे, दहा वर्षांनी नाही.

माझी मागणी लहान आहे. सलाइनच्या नळीला आम्ही एक छोटा थ्री-वे लावतो. मुख्य प्रवाह चालू राहतो आणि बाजूच्या तोंडातून औषध देता येते, रक्ताचा नमुना घेता येतो, नको असेल तेव्हा चावी फिरवून ते तोंड बंद करता येते. उसरच्या प्रोपिलीन मनोऱ्याच्या वाहिनीवर असाच एक थ्री-वे हवा. प्रवाहाचा शेकड्यातला एखादा भाग बाजूला घेणारी नळी, पटलाचे नळकांडे बसवायला सुरक्षित जागा, दाब-तापमान मोजणारी उपकरणे आणि वापरलेला वायू मुख्य प्रवाहात परत सोडण्याची सोय. कारखाना बांधताना हे करायचा खर्च एकूण प्रकल्पाच्या मानाने किरकोळ असतो. चालू कारखान्यात नंतर करायचे तर कारखाना थांबवावा लागतो, आणि ज्वलनशील वायूच्या वाहिनीला चालू स्थितीत भोक पाडायला कोणताही शहाणा अभियंता तयार होणार नाही.

या थ्री-वेवर बसवायला माणसे आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पटलांवर बरीच वर्षे काम करते आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, आणि तिचे मराठवाड्यातले केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. पवईला आयआयटी आहे. ‘गेल’ सरकारी, प्रयोगशाळा सरकारी, दोन्हींत पैसा तुमचा-माझा. तरी एकाचा वायू दुसऱ्याच्या पटलापर्यंत पोचायला कागदांचे जे डोंगर ओलांडावे लागतात, त्याचा अंदाज सरकारी नोकरी केलेल्या माणसाला द्यावा लागत नाही.

जोखमीचा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. तंत्रज्ञान देणारी परदेशी कंपनी हमी मागे घेईल, अपघात झाला तर उत्तर कोण देणार, एक दिवस कारखाना बंद पडला तर नुकसान कोटींत. पण औषधांच्या चाचण्यांत आम्हीही हेच करतो: थोडे रुग्ण, त्यांची संमती, कडक देखरेख, आणि चाचणी कधी थांबवायची याचे आधी ठरवलेले नियम. बाजूच्या नळीवरचे पटल फाटले तर थोडे प्रोपेन प्रोपिलीनमध्ये मिसळून पुन्हा त्याच मनोऱ्यात जाईल, जिथे ते दोघे तसेही मिसळलेलेच असतात. यात जीव जाण्याचा धोका ज्वलनशील वायूच्या गळतीचा आहे, आणि तो कारखान्यातल्या प्रत्येक जोडाला आहे.

पहिली चाचणी सर्वांत अवघड जागी करायचीही गरज नाही. पॉलिप्रोपिलीनची भुकटी तयार झाली की तिच्यात अडकलेले प्रोपिलीन नायट्रोजनच्या झोताने हुसकून काढतात. हे मिश्रण पूर्वी सरळ जाळून टाकत. सिलिकोन रबराच्या पटलातून प्रोपिलीन झटकन पलीकडे जाते आणि नायट्रोजन मागे राहतो, म्हणून १९९० च्या दशकापासून जगातल्या अनेक कारखान्यांत ही पटले बसली आहेत. ग्रॅहॅमच्या रबराचेच हे नातवंड. उसरमध्येही पॉलिप्रोपिलीन बनणार, म्हणजे ही जागा तिथे असणारच. तिथे देशी पटल सहा महिने चालवून पाहावे. मग तेच लोक, तीच उपकरणे घेऊन मनोऱ्याच्या थ्री-वेकडे यावे, जिथे काम दसपट कठीण आहे.

आणि नोंदी उघड ठेवाव्यात. पटल पहिल्या दिवशी किती निवड करत होते आणि एकशे ऐंशीव्या दिवशी किती, गंधक किती आले, ओलावा किती आला, पटल कधी आणि कसे बिघडले. बिघडले तर तेही छापले जावे. डायलिसिसच्या पटलांचे आज जे काही चांगले झाले ते बिघाडाच्या नोंदींतून झाले आहे, आणि प्रोपिलीनच्या पटलांबद्दल कारखान्यातल्या खऱ्या वायूवरच्या अशा नोंदी वाचायला फार कमी मिळतात. जिथे चाचण्या झाल्या, तिथे त्या बहुधा कंपन्यांच्या कपाटांत आहेत. सरकारी कारखान्याला ते कपाट उघडे ठेवणे परवडते.